युद्ध आणि कादंबरी – भाग ६ : माफी मागायला माणूसच उरत नाही तेव्हा

मागच्या भागात ‘द इंग्लिश पेशंट’मधल्या किपसोबत, म्हणजे बॉम्ब निकामी करणाऱ्या त्या शीख जवानासोबत, आपण इटलीच्या उद्ध्वस्त गावांतून फिरलो. तिथलं प्रेम परक्या माणसांमधलं होतं. आजची गोष्ट एका घरातली आहे. इयन मॅकएवन यांची ‘अटोन्मेंट’ ही कादंबरी २००१ साली प्रसिद्ध झाली. तिचा शेवट सांगितल्याशिवाय आजचा मुद्दा मांडता येणार नाही. त्यामुळे ज्यांना ती कोरी वाचायची आहे, त्यांनी आधी कादंबरी वाचावी आणि मग या लेखाकडे यावं.

इंग्लंडच्या सरे परगण्यातलं टॅलिस कुटुंबाचं घर. १९३५च्या उन्हाळ्यातला एक तापलेला दिवस. तेरा वर्षांची ब्रायनी, तिची थोरली बहीण सिसिलिया आणि त्याच घरात कामाला असलेल्या बाईंचा केंब्रिजमध्ये शिकलेला मुलगा रॉबी. रॉबी सिसिलियाला पत्र लिहितो. पाकिटात घालताना गफलत होते आणि कुणालाच दाखवायचा नव्हता तो खर्डा आत जातो. पाकीट पोचवायला दिलेली ब्रायनी ते फोडून वाचते. त्याच रात्री अंधारात लोला या मावसबहिणीवर अत्याचार होतो. ब्रायनीला दिसते फक्त एक आकृती, पण ती ठामपणे नाव घेते रॉबीचं. घरचे तिच्यावर विश्वास ठेवतात आणि रॉबी तुरुंगात जातो. सिसिलिया घराशी संबंध तोडून नर्स होते.

तुरुंगात पत्रं तपासली जात. प्रेमाचा एखादा शब्द सापडला तरी पत्र जप्त होई. म्हणून ही दोघं जुन्या साहित्यातल्या प्रेमिकांची नावं घेऊन एकमेकांना लिहीत. वाचणाऱ्याला वाटावं, पुस्तकांची चर्चा चालली आहे. सैन्यात भरती होण्याच्या अटीवर रॉबी सुटतो. त्यानंतर दोघांच्या वाट्याला येते ती चहाच्या टेबलावरची जेमतेम अर्ध्या तासाची भेट.

शांततेच्या काळात हे खोटं कदाचित निस्तरता आलं असतं. ब्रायनी मोठी झाली असती, जबानी फिरवली असती, खटला पुन्हा उभा राहिला असता. युद्ध नेमकी हीच मुदत हिरावून घेतं. २६ मे ते ४ जून १९४० या दिवसांत डंकर्कहून ३,३८,२२६ सैनिक सुखरूप इंग्लंडला आणले गेले. रॉबी त्यांत नव्हता. १ जूनला तो किनाऱ्यावरच जखमेतल्या विषबाधेनं मरतो. काही महिन्यांनी लंडनमध्ये बालम भुयारी स्टेशनवर पडलेल्या बॉम्बनं सिसिलिया जाते. दोन्ही बहिणींची पुन्हा भेट झालेली नसते. आधी आपण वाचलेली, ब्रायनी माफी मागायला त्या दोघांसमोर उभी राहते ती भेट तिनं रचलेली आहे, हे शेवटच्या पानांत कळतं. तेव्हा ती ७७ वर्षांची असते आणि तिची स्मृती विझू लागलेली असते.

बालमची घटना खरी आहे. १४ ऑक्टोबर १९४०च्या रात्री तो बॉम्ब पडला आणि आसऱ्याला आलेली साठाहून अधिक माणसं त्यात गेली. कादंबरीत मात्र महिना सप्टेंबर आहे.

खऱ्या गुन्हेगाराला, पॉल मार्शलला, तर युद्ध फळतं. त्याच्या कारखान्याची चॉकलेटं सैनिकांसाठी जातात. तो श्रीमंत होतो आणि लोलाशीच लग्न करतो. बळी ठरलेली मुलगी बायको झाली, म्हणजे तिच्या साक्षीची वाटही बंद. हे जोडपं जिवंत असेतो अब्रुनुकसानीच्या भीतीनं ब्रायनीला पुस्तकही छापता येत नाही.

आता लेखकाच्या घराकडे वळू. मॅकएवन यांचे वडील डंकर्कच्या माघारीत होते. त्यांचे पाय जखमी, दुसऱ्या एका सैनिकाचे हात. दोघांनी मिळून एक मोटारसायकल चालवली. ते दृश्य कादंबरीत आहे. कादंबरी छापून झाल्यावर, २००२ साली, लेखकाला कळलं की आपल्याला एक सख्खा थोरला भाऊ आहे. आईचा पहिला नवरा युद्धावर असताना तिचं मॅकएवन यांच्या वडिलांशी प्रेम जुळलं होतं. १९४२ साली मूल झालं. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ते बाळ रेडिंग रेल्वे स्टेशनवर एका जोडप्याच्या हाती सोपवलं गेलं. पहिला नवरा १९४४ साली युद्धात जखमी होऊन वारला. पुढे दोघांनी लग्न केलं, पण बाळाबद्दल मॅकएवन यांना कधीच सांगितलं नाही. भाऊ भेटला तेव्हा वडील हयात नव्हते आणि आईला स्मृतिभ्रंश झाला होता. विचारायचं कुणाला? वीस वर्षांनी, २०२२च्या ‘लेसन्स’मध्ये मॅकएवन यांनी ही हकीकत कथेत आणली.

ब्रायनी कादंबरीत प्रेमिकांना एकत्र आणते. ते प्रायश्चित्त मानावं का? माझ्या मते नाही. ज्यांची माफी मागायची, ते ती वाचायला उरलेले नाहीत. तरीही तिनं लिहिलं हे बरंच झालं, कारण त्यामुळे रॉबीवरचा डाग निदान कागदावर तरी पुसला गेला. कादंबरी न्याय देऊ शकत नाही, पण खोट्याला शेवटचा शब्द मिळू देत नाही. तुमच्या घरात असं काही सांगायचं राहिलं असेल, तर ऐकणारी माणसं आहेत तोवर सांगून टाका.

पुढच्या आठवड्यात : इरेन नेमिरोव्स्की यांचं १९४२मध्ये अर्धवट राहिलेलं आणि २००४मध्ये छापलं गेलेलं हस्तलिखित.