वाचाघाताला विद्यार्थी हवेत

लकवा मारला की घरचे आधी हातापायांचं विचारतात. बोलणं गेलं असेल तर ते हळूहळू येईल, असं धरून चालतात. मेंदूला इजा होऊन भाषाच हातची जाते, त्या अवस्थेला वाचाघात म्हणतात. अनेकदा माणसाला कळत असतं, पण शब्द सापडत नाही, आणि लोक त्याला खुळा समजून मोकळे होतात.

यावर विद्यार्थ्यांनी संशोधन करावं म्हणून इंग्लंडमध्ये खास बक्षिसं आहेत. १९८८ साली पक्षाघात झालेल्या रॉबिन टॅव्हिस्टॉक यांनी १९९२ मध्ये वाचाघातासाठी न्यास काढला. वाचा-उपचार शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना तो पारितोषिकं देतो.

आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी योजना म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, आयसीएमआरची, अल्पकालीन विद्यार्थी संशोधनवृत्ती. ती १९७९ पासून चालू आहे. विद्यार्थ्याने आपल्याच कॉलेजातला मार्गदर्शक शोधायचा, प्रस्ताव पाठवायचा, नैतिकता समितीची परवानगी घ्यायची आणि दोन महिने काम करायचं. अहवाल मंजूर झाला तरच पैसे आणि प्रमाणपत्र. ही अट मला फार आवडते. नुसत्या हेतूला इथे बक्षीस नाही.  सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थानातल्या आणि सावंगीच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ही वाट खुली आहे.

दोन महिन्यांत काय होणार? बरंच. वाचाघात तपासताना पेशंटला चित्रं दाखवून नावं विचारतात. टोमॅटो पाहून देवळीचा शेतकरी वऱ्हाडीत ‘भेदरं’ म्हणाला, तर पुण्याच्या पुस्तकावर वाढलेला परीक्षक गुण कापेल. बरोबर उत्तर आजार ठरेल! जो कधी शाळेतच गेला नाही, त्याला वाचता येत नाही याचा दोष मेंदूवर टाकता येत नाही. घरात गोंडी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्याची कोणती भाषा तपासायची? वऱ्हाडी बोलीतली साधी चित्रयादी निरोगी माणसांवर तपासून घेणं हे दोन महिन्यांत बसणारं काम आहे.

तपासून घेणं महत्त्वाचं, कारण पटणारी कल्पना खरी ठरतेच असं नाही. घरच्यांनाच शिकवून पक्षाघाताच्या पेशंटचं पुनर्वसन करावं, हे कुणालाही पटेल. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० पेशंटवर ते करून पाहिलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला, नेहमीच्या उपचारांपेक्षा फायदा दिसला नाही.

मेख पुढे आहे. आयसीएमआरची ही संशोधनवृत्ती एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. वाचा-उपचाराची पदवी चार वर्षांची, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मुंबईच्या नायर रुग्णालयात हे शिक्षण १९६० च्या दशकापासून मिळतं. पेशंटसमोर तासन्‌तास बसतो तो हाच विद्यार्थी, आणि तोच दाराबाहेर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचाघाताचं नाव घेऊन त्याला अपंगत्वात जागा दिली. आयसीएमआरने आता पात्रतेच्या अटीत वाचा-उपचाराचे विद्यार्थी घ्यावेत.