पित्तनलिका तुंबते तेव्हा

पित्तनलिका : यकृतात तयार झालेले पित्त लहान आतड्यात नेणारी नळी. निरोगी अवस्थेत रुंदी साधारण 6 मिमी.

का तुंबते : पित्ताशयातून घसरलेला खडा, नलिका आक्रसणे, स्वादुपिंडाच्या किंवा नलिकेच्या कर्करोगाची गाठ.

खुणा : पिवळे डोळे, चहासारखी गडद लघवी, पांढुरकी शौच, अंगभर खाज. सोबत थंडी वाजून ताप आला तर नलिकेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दोन काविळी वेगळ्या : दूषित पाण्यातून येणारी विषाणूजन्य कावीळ (अ आणि ई) बहुतेकदा आपोआप बरी होते. म्हणूनच काविळीची माळ किंवा झाडपाल्याने गुण आल्यासारखे वाटते. नलिका तुंबून झालेल्या काविळीत मात्र अडकलेला खडा किंवा गाठ त्याने हटत नाही, आणि मोलाचे दिवस जातात.

तपासण्या : रक्तातील बिलिरुबिन (सर्वसाधारणपणे 1.2 मिग्रॅ/डेसिलिटरपर्यंत), सोनोग्राफी, गरजेनुसार एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय).

उपचार : ईआरसीपी. तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेचे तोंड रुंद करतात, खडा काढतात किंवा स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) बसवतात. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांनी बदलावा किंवा काढावा लागतो. बरे वाटले म्हणून ही तारीख चुकवू नये. खडे असल्यास पुढे पित्ताशयही काढतात.

पेण, रोहा येथील रुग्णांसाठी : दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय अलिबागला. ईआरसीपीसाठी मोठ्या केंद्रात जावे लागते. निघताना सोनोग्राफीचा अहवाल आणि शिधापत्रिका सोबत घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तिथल्या आरोग्यमित्राकडे करावी.