गाजर घास : ओळख आणि प्रतिबंध

वाराणसीच्या परिसरात पावसाळा सुरू झाला की रेल्वेमार्गाच्या कडेला, पडीक जागांत आणि शेतांच्या बांधांवर एक हिरवेगार रोप दाटीने उगवते. तेथील लोक त्याला ‘गाजर घास’ म्हणतात. महाराष्ट्रात तेच ‘गाजर गवत’ किंवा ‘काँग्रेस गवत’ होय. वस्तुतः ते गाजर नव्हे आणि गवतही नव्हे. झेंडू व सूर्यफूल ज्या कुलात मोडतात त्याच कुलातील ही वनस्पती असून पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे तिचे शास्त्रीय नाव आहे. बोलीतील नावे प्रांतोप्रांती बदलतात. म्हणून तणाविषयीची माहिती पडताळताना प्रथम शास्त्रीय नाव पाहावे लागते.

कोवळ्या रोपाची पाने जमिनीलगत चक्राकार पसरलेली आणि खोलवर चिरलेली असतात. या अवस्थेत ते शेवंतीचे वा दवण्याचे रोप वाटण्याचा संभव असतो. पुढे खोड उंच होते, त्यावर उभ्या रेषा व बारीक लव दिसते आणि शेंड्याला पांढऱ्या, इवल्याशा फुलोऱ्यांचे झुबके येतात. प्रत्येक फुलोऱ्याच्या कडेला पाच किरणपुष्पके असतात व बी धरते ते त्यांतच. तरीही एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. फुलावर येण्यापूर्वी ओळख पटणे महत्त्वाचे ते यासाठी. शिवाय तिच्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे अनेकांच्या त्वचेला तीव्र दाह होतो; उघड्या हातांनी ती उपटू नये.

हे तण पीएल-४८० करारान्वये आलेल्या अमेरिकन गव्हातून शिरले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु आर. एस. राव यांना ते पुण्याच्या उकिरड्यांवर १९५५ साली आढळले. हा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. १९५१ च्या कर्जाऊ गव्हाबरोबर बी आले असणे अशक्य नाही. तथापि रॉक्सबर्ग यांच्या १८१४ साली छापलेल्या ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ या सूचीतही हे नाव आहे. कथा सोयीची होती, एवढेच.

कायद्यालाही अचूक नाव लागते. १९१४ चा विनाशकारी कीटक व कीड अधिनियम आणि त्याखालील २००३ चा वनस्पती संगरोध आदेश यांचा रोख मुख्यतः परदेशातून येणाऱ्या मालावर आहे. देशभर पसरून गेलेल्या तणाला बंदरावरची तपासणी काय थोपवणार? कर्नाटकाने १९७५ साली गाजर गवत अपायकारक तण म्हणून जाहीर केले; परंतु घोषणेनंतर ते उपटण्याचे काम उरतेच, आणि ते फारसे झाले नाही.

वाराणसीच्या रहिवाशाला विश्वसनीय माहिती दूर शोधावी लागत नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. रामदेव मिश्र यांनी परिस्थितिविज्ञानाची परंपरा रुजवली. त्याच विभागातील संशोधकांनी पुढे विंध्य प्रदेशाच्या वनांतील घाणेरीच्या आक्रमणाचा अभ्यास केला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र प्रयागराजला आहे, तर तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था जबलपूरला. तज्ज्ञाकडे जाताना मात्र नुसते पान नेऊ नये. हातमोजे घालून मुळासकट, फुलांसह झाड काढावे, जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावे आणि सोबत ठिकाण, दिनांक व गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे. फुलांचा रंग वाळल्यावर पालटतो. तोही त्याच दिवशी नोंदवलेला बरा.