वहीत काहीच नाही!

रविवारी सकाळी नागपूरकडच्या आमच्या खाप्यात घरोघरी एक तपासणी होते. पहिलीतल्या पोराचं दप्तर उघडायचं, वही काढायची, पानं चाळायची. आठवडाभरात एक चित्र, दोन-तीन ओळी, कुठे चार अक्षरं. लगेच निकाल: "शाळेत काही शिकवूनच नाही राहिले." पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "बाजूवाल्याचा पोट्टा कॉन्व्हेंटमध्ये जाते, त्याच्या चार वह्या भरल्या." हे मी किराणा दुकानात ऐकलंय, बस स्टँडवर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. म्हणणाऱ्यांत शिकलेले आहेत, नोकरीवाले आहेत. एक-दोन तर स्वतः शिक्षक आहेत, आणि तिथे मात्र माझा संयम सुटतो.

वही भरली म्हणजे शिक्षण झालं, हा तो गैरसमज. त्याच्या पोटात दुसरा बसलेला आहे: अक्षर शंभरदा गिरवलं की वाचता येतं.

पानभर 'कमल' लिहिणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाजवळ एकदा दहा मिनिटं बसून बघा. ते 'कमल' लिहीतच नसतं. आधी वरपासून खालपर्यंत सगळे 'क' काढतं, मग सगळे 'म', मग सगळे 'ल'. शेवटी प्रत्येक ओळीवर सरसर रेघ ओढतं आणि वही मिटून पळतं. पान सुंदर दिसतं, आई खूश होते. पण त्या दहा मिनिटांत 'कमल' हा शब्द मुलाच्या तोंडात एकदाही आलेला नसतो. आता कागदावर 'मलम' लिहा आणि वाच म्हणा. अक्षरं त्यातलीच, फक्त मांडणी वेगळी. पुष्कळ मुलं तुमच्या तोंडाकडे बघतात. त्यांनी अक्षरांची चित्रं काढली होती. लिहिणं म्हणजे मनातला शब्द कागदावर उतरवणं, आणि ते अजून सुरूच झालेलं नसतं.

याचा अर्थ हात चालवूच नये असा नाही. अक्षराला वळण लागतं ते सरावानंच. पण वळण वेगळं आणि वाचन वेगळं, एकाचं माप दुसऱ्याला लावता येत नाही.

मराठी वाचायला शिकताना डोक्यात काय चालतं, ते 'शिंग' या एका शब्दात दिसेल. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण तोंडानं आधी 'श' म्हणायचा आणि 'इ' नंतर. डोक्यावरचं टिंब 'शिंग'मध्ये एक आवाज देतं, 'नंदी'त दुसरा, 'बांबू'त तिसरा. चिन्ह मात्र तेच. शेवटच्या 'ग'मधला 'अ' लिहिलेला असतो, बोलताना तो जवळजवळ गायब. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च दिसायला एक, ऐकायला दोन. आपल्याला यातलं काही जाणवत नाही, कारण आपण चाळीस वर्षं वाचतोय. मुलाला यातलं प्रत्येक वळण स्वतः ओलांडावं लागतं. 34 व्यंजनं आणि प्रत्येकाची 12 रूपं धरली तर नुसती बाराखडीच 408 आकारांची होते. जोडाक्षरं अजून दारातच उभी आहेत.

म्हणून कॉन्व्हेंटच्या 'ए टू झेड'शी तुलना निरर्थक आहे. 26 अक्षरांची नावं पाठ असणं म्हणजे इंग्रजी वाचता येणं नव्हे. 'सी', 'ए' आणि 'टी' ही नावं कितीही वेगानं म्हटली तरी त्यांतून 'कॅट' निघत नाही. तिथलं पोरही अडलेलंच असतं. फक्त आपल्याला इंग्रजीचा दरारा असल्यामुळे ते दिसत नाही.

शंका असेल त्यांच्यासाठी: संशोधक सोनाली नाग यांनी बंगळूरमध्ये कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. कन्नडची लिपीही आपल्यासारखीच, व्यंजनाला स्वरचिन्हं लागणारी. तिथे अक्षरांचा सगळा संच हाताशी यायला मुलांना तिसरी-चौथी गाठावी लागत होती. आणि आपण पहिलीच्या दिवाळीत विचारतो, "अजून पेपर वाचता येत नाही का रे?"

मग वही कोरी असते तेव्हा वर्गात काय चाललेलं असतं? तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांनी लाकडी नंदी मिरवायच्या सणाचा, आठवडा घ्या. नागपूरकडच्या कुठल्याही पहिलीत त्या दिवसांत मुलांच्या डोक्यात दुसरं काही नसतं. लाकडी नंदी कुणाचा मोठा, कुणाच्या नंदीला चाकं, बोजारा (घरोघरी मिळणारी ओवाळणी) किती जमला. शहाण्या मॅडम हेच उचलतात. एक मुलगी उठून सांगते, "माह्या नंदीले शिंगं हायेत." मॅडम ते फळ्यावर लिहितात, मुलगी बोलली तसंच. खाली पुस्तकी रूप येतं, 'माझ्या नंदीला शिंगं आहेत.' मग बोट ठेवून सगळे मिळून वाचतात. 'नंदी' कुठे आहे शोधा, 'न'नं सुरू होणारे आणखी शब्द सांगा, 'शिंग'मधला 'ग' घालून दुसरा शब्द करा. शेवटी ज्याला जमेल त्यानं आपल्या नंदीचं चित्र काढून खाली एक शब्द लिहायचा. त्या मुलीच्या वहीत आलं काय? एक लाल बैल आणि 'नदी'. टिंब राहून गेलं. घरच्यांच्या हिशेबात दिवस वाया. प्रत्यक्षात त्या मुलीनं आवाजाला चिन्ह जोडून शब्द स्वतः घडवला, आणि राहिलेलं टिंब मॅडमना नेमकं सांगून गेलं की उद्या काय घ्यायचं.

ही एखाद्या मॅडमची लहर नाही. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात भाषेच्या वेळेचे चार भाग सांगितले आहेत: बोलणं-ऐकणं, शब्दओळख, वाचन आणि लेखन. वहीत दिसतो तो चौथा भाग. बाकीचे तीन हवेत विरतात आणि रविवारच्या तपासणीत सापडत नाहीत.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी शाळेची वकिली करतोय असं वाटेल. पालकांची काळजी खोटी नाही. 2024 च्या 'असर' या ग्रामीण भागाच्या शैक्षणिक पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या फक्त 23.4 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. कोरी वही हा चांगल्या शिकवण्याचा पुरावा नव्हेच. कुठे ती कोरी असते कारण वर्गावर शिक्षकच नसतो, किंवा असतो तो माहिती भरण्यात बुडालेला. पण त्यावर पानं भरून घ्या हा उपाय म्हणजे रोगच औषध म्हणून देणं. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी पालघरमधल्या मराठी आणि यादगीरमधल्या कन्नड शाळांतल्या मुलांचा काही वर्षं पाठपुरावा केला, त्याचा अहवाल 2017 मध्ये आला. वर्गांचा बराच वेळ घोकण्यात आणि फळ्यावरचं उतरवण्यात जात होता, अर्थापर्यंत गाडी क्वचितच पोचत होती. वह्या तिथेही भरत असणारच.

मोजायचंच असेल तर माप उपलब्ध आहे. 5 जुलै 2021 ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या शेवटी अपेक्षा आहे ती चार-पाच सोप्या शब्दांचं न पाहिलेलं छोटं वाक्य वाचण्याची. 'न पाहिलेलं' हे महत्त्वाचं. पुस्तकातला धडा मुलं चित्र बघून पाठ म्हणतात आणि आपण फसतो. दुसरीच्या शेवटी मिनिटाला 45 ते 60 शब्द, अर्थ समजून. म्हणजे रविवारी वही चाळण्याऐवजी मुलाला आलेल्या अक्षरांचा एक नवा शब्द कागदावर लिहा. क, म, ल येत असतील तर 'कलम'. वाचला तर आठवडा सार्थकी. अडला, तर कुठे अडला ते बघा: अक्षर ओळखता आलं नाही, मात्रा चुकली, की सुटी अक्षरं म्हणून झाली पण शब्द जुळला नाही? ही तीन वेगळी दुखणी आहेत. सोमवारी मॅडमना त्यातलं नेमकं सांगा. "पोरगं कच्चं आहे" याचा त्यांना काही उपयोग नसतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात, कारण त्यांना यापेक्षा जास्त जागा द्यायची इच्छा नाही.

गृहपाठ नाही म्हणजे मास्तर आळशी? 2020 च्या दप्तरविषयक राष्ट्रीय धोरणात पहिली-दुसरीला गृहपाठ नकोच म्हटलंय, आणि दप्तराचं वजन 1.6 ते 2.2 किलो. तुमच्या पोराचं काट्यावर ठेवून बघा.

शनिवारी दप्तर नाही म्हणजे सुट्टीच? 'आनंददायी शनिवार' हा 2024 चा शासन निर्णय आहे, शाळेनं काढलेली पळवाट नाही.

पोरं खिचडी खायला येतात? येऊ द्या. प्राथमिकच्या मुलासाठी 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं असा तो हिशेब आहे, आणि उपाशी पोटी 'शिंग' वाचता येत नाही.

परीक्षाच नाही? आहे, रोज आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन राज्यात 2010 पासून चालू आहे, आणि 2023 च्या बदलानंतर पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षाही आली.

लवकर शाळेत घातलं की पोरगं पुढे जातं? 31 डिसेंबरला सहा पूर्ण हा नियम ही घाई आवरायलाच आहे. त्यातही साडेपाच वर्षांचं मूल जूनअखेर, आपल्याकडच्या उकाड्यात, पहिलीत बसलेलं असतं. त्याला आणखी किती ढकलणार?

'कायले', 'माह्या' बोललं की भाषा बिघडते? शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 शक्य तोवर मातृभाषेतून शिकवा म्हणतं, आणि खाप्यातल्या पोराची मातृभाषा पुण्याहून येत नाही.

छडीशिवाय वळण नाही? त्याच कायद्याचं कलम 17. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद.

व्हॉट्सॲपवर फिरणारा, मुलाच्या मनगटाची हाडं कच्ची दाखवणारा एक्स-रे, आणि खाली 'म्हणून लिहायला लावू नका'? मनगटाची आठ हाडं पक्की व्हायला दहा-बारा वर्षं लागतात हे खरं. तोवर मुलानं पेन्सिल धरू नये हे कुणी सांगितलं?

आणि शेवटचा, जो अजून मरत नाही: "बालभारतीनं एकवीस रद्द केलं." 2019 ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून रान पेटलं होतं. तेव्हा गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. पुस्तकात 'वीस एक' होतं आणि 'एकवीस'ही होतं. 'सदुसष्ट' म्हणताना सात आधी येतात आणि लिहिताना सहा आधी, म्हणून मुलं 67 च्या जागी 76 लिहितात. त्यावर एक जोडवाट दिली होती, इतकंच. ज्यांनी पुस्तक उघडलं नाही त्यांनी सर्वात जास्त आरडाओरडा केला. त्यांच्यापैकी कुणी भेटलं तर 59, 69, 79 आणि 89 न अडखळता एका दमात म्हणायला सांगा.