शिकारी रायफलीची ओळख

संस्थानिकांच्या जुन्या वाड्यांतून टांगलेली शिकारी रायफल पाहताना सामान्य प्रेक्षकाचे लक्ष दस्त्यावरील नक्षीकडे जाते. जाणकार मात्र, हत्यार रिकामे असल्याची खात्री पटल्यावर, ते उघडते कसे हे प्रथम पाहतो. बिजागरीवर मोडणाऱ्या जोडनळी रायफलीच्या काडतुसास बहुधा बुडाशी बाहेर आलेली कड असते, कारण तिलाच पकडून रिकामे पुंगळे उचलले जाते. बोल्टच्या रायफलीत मूठ वर करून मागे ओढली की पुंगळे बाहेर पडते आणि पुढे सारली की पेटीतील नवे काडतूस नळीत शिरते. मात्र १८९८ च्या माउझरचे मुख्य अडसर बोल्टच्या अग्रभागी, तर ली-एन्फिल्डचे पिछाडीस असतात. माझ्या मते ओळखीची याहून भरवशाची खूण नाही.

नावांचा घोळ काडतुसांत अधिक. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांस सर जॉन ह्युएट यांनी बहाल केलेली रिग्बी रायफल .२७५ ची म्हणवते. तिचे काडतूस मुळात माउझरचेच, ७ × ५७. पैकी ७ हा नळीचा व्यास, ५७ ही पुंगळ्याची लांबी, दोन्ही मिलिमीटरांत. इंग्रजी अमलात .३०३ हे लष्करी काडतूस खाजगी इसमांस सहसा मना असल्याने आपल्याकडे .३१५ रूढ झाले.

वारसाहक्काने असे हत्यार हाती आल्यास प्रथम परवान्याची तजवीज करावी, आणि नळीवरील शिक्क्याशी तंतोतंत न जुळणारे काडतूस तीत कदापि घालू नये.