भोगीचं ताट रानातून आणा



पौषातली थंडी पडली की आपल्या परभणीचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो. चुडाव्याच्या शिवारात तर सकाळी रेल्वेचे रूळसुद्धा धुक्यात दिसत नाहीत. अशा दिवसांत संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी येते, बहुतेक वर्षी १३ जानेवारीला, एखाद्या वर्षी १४ला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, शेंगा-सोलाण्यांची भाजी, मुगाची खिचडी, लोण्याचा गोळा. ‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ ही म्हण तुम्हाला मी सांगायला नको.

एका भोगीला मी चुडाव्यात एका घरी जेवायला बसलो होतो. ताट भरलेलं होतं. घरच्या आजी म्हणाल्या, “खा सायेब, पर समदं इकत आणलंय बगा. बाजरी बाजारची, तीळ बाजारचे, जवारी बी बाजारचीच.” त्यांच्या रानात सोयाबीन होतं, कपाशी होती, हळद होती. भोगीच्या ताटातलं एकही पीक नव्हतं. त्या दिवसापासून हा विषय डोक्यात होता.

सोयाबीन, कपाशी करू नका असं मी म्हणणार नाही. पैसा त्यातून येतो. पण हिवाळ्याच्या दोन महिन्यांचं घरचं खाणं चार-पाच गुंठ्यांत पिकतं, आणि तेवढी जागा बहुतेकांकडे असते.

आधी भाकरीचं सांगतो, कारण सर्वांत जास्त तक्रार बाजरीच्या पिठाची येते. “दोन दिस बरं लागतं, मग कडू होतं.” मी परभणीला बी.एस्सी. करत असताना आई गावाकडून पंधरा दिवसांचं बाजरीचं पीठ एकदम पाठवायची. दुसऱ्या आठवड्यात भाकरी तोंडात धरवत नसे. गिरणीवाल्याने जुनी बाजरी घातली असेल असं आम्हाला वाटायचं. दोष गिरणीचा नव्हता. बाजरीत साधारण पाच टक्के तेल असतं, म्हणजे गव्हापेक्षा कितीतरी जास्त. दाणा अख्खा आहे तोवर ते तेल सुरक्षित राहतं. दळलं की दाण्यातलीच पाचक द्रव्यं त्या तेलावर काम करू लागतात, हवा लागते, आणि पीठ खवट-कडू होतं. म्हणून बाजरी पाच-सहा दिवस पुरेल इतकीच दळा.

गिरणी लांब असेल तर एक उपाय आहे. निवडलेली बाजरी स्वच्छ फडक्यात सैल बांधा आणि खळखळ उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून काढा. त्याहून जास्त वेळ नको, दाणा शिजेल. मग उन्हात पसरून खडखडीत वाळवा आणि दळा. या गरम पाण्याने ती पाचक द्रव्यं निकामी होतात आणि पीठ तीन आठवडे तरी टिकतं. ओलसर दाणा मात्र दळू नका, नाहीतर कडूपणा टळेल आणि बुरशी येईल.

बाजरी-ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून भाकरीचं पीठ आधणाच्या पाण्यात मळायचं. गरम पाण्याने पिठातलं पिष्ट फुगतं आणि तेच धरून ठेवतं. हे आजींना ठाऊक आहे, नव्या सुनांनी त्यांच्याकडून शिकावं. तीळ घरचे, सालीसकट वापरा. बाजारातले पांढरेशुभ्र तीळ साल काढलेले असतात, आणि हाडांना लागणारा चुना बराचसा सालीतच असतो.

आता भाजी. सहा माणसांना दोन वांगी, दोन गाजरं, वाटीभर हरभऱ्याचे सोलाणे, वाटीभर वालाच्या किंवा घेवड्याच्या शेंगा, मूठभर भिजवलेले शेंगदाणे, दहा-बारा बोरं आणि उसाचे चार करवे. दोन चमचे तीळ आणि मूठभर शेंगदाणे भाजून कूट करा. फोडणीत आधी शेंगा आणि सोलाणे परता, वांगं शेवटी टाका, नाहीतर त्याचा गाळ होतो. मग कूट, काळा मसाला, मीठ आणि थोडी चिंच. कूट कमी पडलं तर चमचाभर येसर लावा, रस्सा दाट होतो. लोखंडी कढईत केली तर आंबटामुळे थोडं लोह भाजीत उतरतं. फक्त शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर भाजी काळी पडते.

लोहाचं मुद्दाम सांगतो आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे निम्म्याहून जास्त. बाजरीत लोह चांगलं असतं, पण धान्यातलं लोह अंगी लागायला सोबत आंबट लागतं. बोर, आवळा, लिंबू, ओले सोलाणे, यातलं काहीतरी ताटात असू द्या. आणि जेवल्या जेवल्या चहा पिऊ नका, तासभर थांबा. चहा ते लोह अडवतो. आणखी एक, तुम्हाला राग आला तरी चालेल. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते आणि तोवर कढईत रस्साच उरतो. भाजी वाढायला घेण्याआधी तिची वाटी बाजूला काढून ठेवा. रक्त कमी आहे ते तिचंच.

भोगीच्या आगेमागेच हुरडा आणि डहाळे येतात. आगटी पेटते, पाहुणे येतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजून पोत्यावर चोळली जातात, सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. सगळं छान. पण याच दिवसांत हरभऱ्यावर घाटेअळी असते आणि पंप पाठीवर असतो. एका शिवारात मी स्वतः पाहिलं आहे: वडिलांनी तीन दिवसांपूर्वी फवारलं होतं आणि पोरं त्याच रानातले डहाळे ओरबाडून खात होती. बाप म्हणाला, “धुवून घेतलेत की.” बंधूंनो, काही औषधं झाडाच्या आत शिरतात. ती धुतल्याने जात नाहीत, आणि भाजल्याने पूर्ण जातीलच असंही नाही. हरभऱ्याचे शेंडे खुडून भाजी करणाऱ्या भगिनींनीही हे ध्यानात ठेवावं. शेंड्यावर औषध सर्वांत आधी बसतं.

प्रत्येक औषधाच्या डब्यासोबत घडीपत्रक असतं. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते त्यात पिकानुसार दिलेलं असतं. अक्षर बारीक असतं, पोरांकडून वाचून घ्या. ते दिवस भरेपर्यंत त्या रानातलं काही तोंडात घालू नका आणि पाहुण्यांनाही घालू देऊ नका. पेरणीतून उरलेलं लाल-गुलाबी रंगाचं बियाणं औषध लावलेलं असतं. ते धुवून, वाळवूनही दळायचं नाही, कोंबड्यांनाही टाकायचं नाही. असं काही खाल्ल्यावर मळमळ, तोंडाला लाळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं वाटलं तर घरगुती उपाय करत बसू नका. औषधाचा डबा सोबत घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. डबा पाहिला की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

म्हणून माझं म्हणणं, खायची पट्टी वेगळी ठेवा. विहिरीजवळ, घराकडच्या बांधाला. दोन गुंठे ज्वारी, दोन गुंठे हरभरा, कडेला चार वांगी आणि वालाचा वेल. तीळ आणि बाजरी खरिपातली पिकं, त्यांची एकेक ओळ पावसाळ्यातच टाकावी लागेल. दोन गुंठे ज्वारीला पावशेराच्या आतच बियाणं लागतं. हुरड्यासाठी आपल्याच परभणीच्या विद्यापीठाचा ‘परभणी वसंत’ हा वाण आहे. भाकरीसाठी ‘परभणी मोती’ किंवा जुनी मालदांडी. हुरडा पेरणीपासून साधारण शंभर दिवसांनी येतो, म्हणजे संक्रांतीला हवा तर पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. सगळी पट्टी एकाच दिवशी पेरू नका. अर्धी पेरा आणि दहा दिवसांनी उरलेली. हुरड्याची गोडी आठ-दहा दिवसच टिकते, पुढे साखरेचं पिष्ट होऊन दाणा टणक होतो.

या पट्टीवर रासायनिक औषध मारायचंच नाही. हरभऱ्यात फुलोऱ्याच्या वेळी पक्ष्यांना बसायला चार काड्या रोवा, ते अळ्या वेचतात. दहा लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीचा अर्क करून फवारा. अळी दिसलीच तर घाटेअळीचं विषाणूजन्य औषध, एच.ए.एन.पी.व्ही., संध्याकाळी मारा. ते त्या अळीलाच रोग लावतं, माणसाला नाही.

एक अडचण खरी आहे आणि ती लपवत नाही. शिवारात सगळ्यांनी ज्वारी सोडली आणि एकट्यानेच दोन गुंठे पेरली, तर गावातली सगळी पाखरं त्याच दोन गुंठ्यांवर उतरतात. “पेरलं, पर दाना घरी आला न्हाई” असं मला चुडाव्यातच एका शेतकऱ्याने सांगितलं आणि त्याचं खोटं नव्हतं. त्यावर एकट्याने उपाय होत नाही. बांधाला बांध लागून असलेल्या चार-पाच जणांनी ठरवून पट्ट्या एकमेकांना लागून पेराव्यात. पाखरांचा वाटा सगळ्यांत विभागतो, आणि राखणीला एक पोरगा किंवा आजोबा सगळ्यांना पुरतात.

हुरड्याची कणसं खुडल्यावर ताटं कापून कडबा करा, मात्र बुडखा पुन्हा फुटला तर त्या कोवळ्या फुटव्यांवर जनावर सोडू नका. त्यात विष असतं आणि गाय तासाभरात दगावू शकते. बुडखे लगेच नांगरून टाका.

२०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं गेलं. तेव्हापासून शहरात ज्वारी-बाजरीला मागणी आली आहे, म्हणजे बाजारातही ती स्वस्त मिळेल अशी आशा धरू नका. या वर्षी पट्टी करायची असेल तर बाजरी-तिळाचं बी मृगाच्या आत आणि ज्वारीचं बी पोळ्याच्या सुमारास घरात आणून ठेवा. शेजारच्या बांधवाशी मात्र आजच बोला. त्याला राजी करायला तेवढे महिने लागतील.