शंखाचं बालपण टोकाला असतं

एखाद्या खाडीकाठचा मूठभर सुका गाळ चाळून भिंगाखाली धरा. रेतीचे कण वाटलेले काही दाणे चक्क शंख निघतात! मोहरीएवढ्या या शंखाची जात ओळखायची कशी? आपली नजर आधी तोंडाकडे जाते. जाणकार मात्र टोक बघतात.

शंख वाढतो तोंडाच्या कडेने. गोगलगाय मोठी होते तशी ती कडेला चुन्याचा नवा थर जोडत जाते, जुना भाग टाकत नाही. त्यामुळे टोक झिजलं नसेल, तर तिथे तिचा पिल्लूपणीचा शंख शाबूत असतो. त्याची वेटोळी मोजा. तीन-चार अरुंद वेटोळी दिसली, तर पिल्लू बहुधा बराच काळ पाण्यात तरंगत, सूक्ष्म वनस्पती खात वाढलेलं असतं. एखाद-दीडच फुगीर वेटोळं असेल, तर अंड्यातल्या शिदोरीवरच त्याचं भागलेलं असतं. प्राणी मरून कितीही वर्षं झालेली असोत, त्याचं बालपण वाचता येतं!

पिरॅमिडेलिडी कुळातले शंख तर आणखी चक्रावून टाकतात. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं, तर यांचं तोंड बहुतेक शंखांसारखं उजवीकडेच येतं. पण टोकाचं पिल्लू-वेटोळं उलट्या दिशेने वळलेलं असतं. वाढता वाढता प्राण्याने वळणच बदललेलं असतं.

टोकानंतर तोंडाची पाळी. तळाशी पाणी आत ओढणाऱ्या नळीसाठी पन्हळ आहे का? आतल्या खांबावर घड्या आहेत का? खोल पाण्यात मुबलक असलेल्या टरिड गटात तोंडाच्या बाहेरच्या कडेला वरच्या अंगाला खाच असते. एवढ्या खुणेवरून गट कळतो.

अशाच खुणांवरून शंखतज्ज्ञ जेम्स कॉस्मो मेलव्हिल यांनी इंग्लंडमध्ये बसून आपल्या समुद्राची ओळख लावली. अलेक्झांडर ॲबरक्रॉम्बी यांनी मुंबईत गोळा केलेल्या शंखांतून त्यांनी 1893 मध्ये 25 नव्या जातींचं वर्णन केलं. पुढे टेलिग्राफ खात्यातले एफ. डब्ल्यू. टाउनसेंड यांनी 1903 मध्ये ओमानच्या आखातात 156 फॅदम, म्हणजे सुमारे 285 मीटर खोलीवरून गाळ उपसला. त्यातल्या चिमुकल्या शंखांनीही मेलव्हिल यांना नव्या जाती दिल्या.

अर्थात नुसत्या शंखावर विसंबलं की फसगत होते. आपल्या खाड्यांच्या चिखलात दिसणारे, मण्यांच्या ओळींचे निमुळते शंख पिरेनेला वंशातले. एकच समजल्या जाणाऱ्या जातीत प्रत्यक्षात अनेक जाती दडल्या आहेत, हे 2016 च्या अभ्यासात डीएनएने दाखवून दिलं.

ठाणे-डोंबिवलीकरांनी यासाठी लांब जायला नको. ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र जवळच आहे. ठाणे खाडीत 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून ते रामसर स्थळही आहे. तेव्हा तिथून शंख उचलू नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग न्या आणि फोटो काढा: तोंडाकडून, पाठीकडून आणि टोकाकडून, शेजारी पट्टी ठेवून. टोकाचा फोटो राहिला, तर ओळखही अर्धवटच राहील.